जन्मजात म्हणे!

आज दुपारपासून डोकं ठणकतंय. लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही म्हणून लिहायला बसले. लांबेल, पण शेवटपर्यंत वाचा.

नातीच्या शाळेत पालकसभा होती. लेक आणि जावई जाणारच होते, मी सोबत गेले. वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात एक टेबल मांडलेलं. त्यावर लॅपटॉप आणि बोटांचे ठसे घ्यायचं यंत्र, आधार केंद्रात असतं तसं. मागे टाय लावलेला एक मुलगा. गेल्या महिन्यात मुलांच्या दहाही बोटांचे ठसे घेतले होते म्हणे आणि आज त्याचे अहवाल वाटत होते. जावयांनी साडेतीन हजार भरलेत हे मला तिथं उभं राहिल्यावर कळलं. गुळगुळीत कागदाची जाड फाइल, आत रंगीत गोल, गोलाच्या फाकी, फाकी-फाकीवर टक्के. आमची चिमी सात वर्षांची आहे. दुसरीत. त्या मुलाने मधलंच एक पान उघडलं आणि बोट ठेवून सांगितलं, "हिची आकार आणि चित्रं समजण्याची जन्मजात क्षमता कमी आहे. भूमिती, चित्रकला, आर्किटेक्चर अशी क्षेत्रं टाळलेली बरी. लवकर कळलं ते चांगलं झालं."

चिमी माझं बोट धरून उभी होती. तिने सगळं ऐकलं. येताना रिक्षात मला विचारलं, "आज्जी, मला चित्र येणारच नाही का?"

तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाहीये.

जन्मजात या शब्दाशी माझं तीस वर्षांचं वैर आहे. माझ्याबरोबर डोळ्यांच्या वॉर्डात ड्यूटी केलेल्या सगळ्या सिस्टरांना कळेल मी काय म्हणतेय. केसपेपरवर 'जन्मजात मोतीबिंदू' लिहिलेलं असायचं, तो झाला डॉक्टरांचा शब्द, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण तोच शब्द घरी गेला की त्याचा अर्थ बदलतो. घरी त्याचा अर्थ होतो, आता काही करू नका.

१९९८ सालची गोष्ट. बीडकडची एक मुलगी आली होती, आठ वर्षांची. आईबाप ऊसतोडीला जाणारे, पोर आजीजवळ वाढलेली. तिचं खरं नाव सांगत नाही, मी तिला ठकी म्हणायचे, कारण आली तेव्हा लाकडाच्या ठकीसारखी ताठ बसून असायची. दोन्ही बुबुळांच्या मधोमध दुधासारखा पांढरा ठिपका. उजेड-अंधार कळायचा, हाताची सावली डोळ्यांपुढून गेली की कळायचं, बाकी काही नाही. आई म्हणाली, दीड वर्षाची होती तेव्हाच एकाला दाखवलं होतं. तो म्हणाला, जन्मजात आहे, याला इलाज नाही. मग आजी म्हणाली देवाची करणी. आणि साडेसहा वर्षं गेली.

आमच्या सरांनी आधी एका डोळ्याचं ऑपरेशन केलं, आत भिंग बसवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी सोडायची होती. अख्खा वॉर्ड जमला होता. आया, मावश्या, शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्या. सगळ्यांना वाटत होतं की पट्टी सुटेल आणि पोर 'माय' म्हणून आईच्या गळ्यात पडेल. मलाही तसंच वाटत होतं, खोटं कशाला बोलू. आई दोन हातांच्या अंतरावर उभी होती, पदर तोंडात कोंबून, आवाज होऊ नये म्हणून. सरांनीच तसं सांगितलं होतं.

पट्टी सुटली. ठकीने डोळा किलकिला केला. मान खिडकीकडे वळवली, उजेडाकडे. सरांनी विचारलं, "माय कुठंय बाळा?" पोरगी समोर बघत राहिली. आईच्या तोंडावरून तिची नजर गेली आणि पुढे निघून गेली, भिंतीवरून जावी तशी. आईला राहवलं नाही, हात हलला, काकणं वाजली. त्याबरोबर ठकीचं सगळं अंग तिकडे वळलं. तिने हात पुढे केले, आईचं तोंड चाचपलं, नाक, कपाळावरचं गोंदण, आणि म्हणाली, "ही हाय माय."

म्हाताऱ्या रडल्या. मला रडू आलं नाही, मला भीती वाटली. मला वाटलं ऑपरेशन फसलं.

मग सरांनी ट्रॉलीवरचं फुलपात्र उचलून तिच्यापुढे धरलं. स्टीलचं, रोजचं, ज्यातून ती तीन दिवस पाणी पीत होती. "हे काय आहे?" तिला सांगता येईना. सर म्हणाले, "डोळा मीट आणि हातात घे." डोळा मिटला, बोटं काठाला लागली न लागली तोच, "फुलपात्र."

हे दृश्य मी आयुष्यात विसरले नाही. डोळा दुरुस्त झाला होता. पण बघायचं कसं हे त्या डोळ्याला कोणी शिकवलेलं नव्हतं.

आज त्या टायवाल्या मुलासमोर मला हेच आठवलं आणि तोंडातून शब्द फुटला नाही, याचा मला आत्ता जास्त राग येतोय. तिथेच बोलायला हवं होतं.

ठकीच्या वेळी आमच्याकडे एक तरुण डॉक्टर शिकायला होते, फार वाचायचे. मेसमध्ये त्यांनी सांगितलं, सिस्टर, तुम्ही आज जे पाहिलंत त्यावर युरोपातले मोठमोठे लोक तीनशे वर्षं भांडलेत. डब्लिनमध्ये विल्यम मॉलिन्यू नावाचा एक विद्वान होता. त्याची बायको लग्नानंतर थोड्याच दिवसांत आंधळी झाली होती. त्याने १६८८ साली जॉन लॉक या तत्त्वज्ञाला पत्र लिहून विचारलं की, जन्मापासून आंधळ्या माणसाला हाताने गोळा कोणता, ठोकळा कोणता हे ओळखता येतं, त्याला उद्या अचानक दिसायला लागलं तर हात न लावता ओळखता येईल का? लॉक म्हणायचा माणूस कोऱ्या कागदासारखा जन्माला येतो, जे काही ज्ञान ते अनुभवाने त्यावर उमटतं. त्यामुळे त्याचं उत्तर होतं, नाही येणार. मॉलिन्यूचंही तेच. १६९४ साली लॉकने तो प्रश्न आपल्या पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीत घातला, आणि तेव्हापासून वाद सुरू. दुसऱ्या बाजूचे म्हणायचे की ज्ञानाची मुळं माणूस जन्मतःच घेऊन येतो. त्यांच्याही आधी ग्रीसमध्ये प्लेटोने लिहून ठेवलंय की शिकणं म्हणजे आत्म्याला आधीच ठाऊक असलेलं आठवणं.

मी त्या डॉक्टरांना म्हटलं, एवढी वर्षं भांडण्यापेक्षा एखाद्या पोराचं ऑपरेशन करून बघायचं ना.

आणि झालंही तसंच. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातले मेंदूचे संशोधक पवन सिन्हा यांनी आपल्याच देशात, दिल्लीत, 'प्रोजेक्ट प्रकाश' सुरू केला. जन्मांध मुलांची ऑपरेशनं करायची आणि मग ती मुलं बघायला कशी शिकतात ते नोंदवायचं. २०११ साली त्यांनी मॉलिन्यूच्या प्रश्नाचं उत्तर छापलं. आठ ते सतरा वर्षांची पाच मुलं, ऑपरेशननंतर दोन दिवसांच्या आतली. ठोकळा हातात देऊन, मग समोर ठेवलेल्या दोनांतून नुसत्या डोळ्यांनी तोच ओळखायचा. हाताने धरलेलं पुन्हा हातानेच ओळखणं शंभरात नव्वदच्या वर बरोबर. हाताने धरलेलं डोळ्यांनी ओळखणं जवळजवळ छापा-काटा. बातमी वाचली तेव्हा मी रात्रपाळीला होते. ठकीची माय डोळ्यांपुढे उभी राहिली, तोंडात पदर कोंबलेली.

पण त्या बातमीतली पुढची ओळ मला जास्त महत्त्वाची वाटते. थोड्याच दिवसांत त्याच मुलांना ते जमायला लागलं. कोणी वेगळी शिकवणी लावली नव्हती. नुसतं बघत राहिली, हाताळत राहिली, आणि जमलं.

ठकीचंही तसंच झालं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मी फुलपात्र टेबलावर ठेवलं की ती फुलपात्र आणि त्याची सावली या दोन वस्तू समजायची, सावलीला हात घालायला जायची. पण फुलपात्र जरा सरकवलं की लगेच बोट दाखवायची. हललं की ते एक होऊन तिला दिसायचं, थांबलं की पुन्हा मागच्या पसाऱ्यात मिसळून जायचं. मग मी ड्यूटी संपल्यावर अर्धा तास तिच्याजवळ बसायला लागले. फुलपात्र सरकव, थांबव. वाटी सरकव, थांबव. चमचा. चपलांचा जोड. आधी हात लावून नाव, मग नुसत्या नजरेने नाव. आठव्या दिवशी तिने लांबून सांगितलं, "ते फुलपात्र हाय, अन् त्याच्या मागं त्याची सावली." मी तिला उचलून घेतलं होतं.

आता मला सांगा, पहिल्या दिवशी सकाळी जर कोणी टाय लावून येऊन म्हणालं असतं की हिची आकार समजण्याची जन्मजात क्षमता शून्य आहे, तर कागदावर ते खरंच ठरलं असतं! शून्यच होती त्या सकाळी. आठ दिवसांनी नव्हती.

जरा पाणी पिऊन आले. शांतपणे लिहिते.

माझी बाजू सगळीच खरी आहे असं मी म्हणत नाही. लेबर रूममध्ये ड्यूटी केलेली कोणतीही सिस्टर सांगेल, ताज्या बाळाच्या गालाला बोट लावलं की ते तोंड वळवतं, दूध शोधतं. ते त्याला कोणी शिकवलेलं नसतं. तान्ही बाळं इतर आकारांपेक्षा चेहऱ्यासारख्या आकाराकडे जास्त बघतात, हेही सिद्ध झालंय. आणि सिन्हांच्याच लोकांनी २०१५ साली आणखी एक गोष्ट दाखवली. सारख्याच लांबीच्या दोन रेघा, एकीच्या टोकांना आत वळलेले बाण, दुसरीच्या टोकांना बाहेर, आणि आपल्याला एक लांब वाटते एक आखूड, ती फसवणूक नुकतं दिसायला लागलेल्या मुलांनाही लगेच होते. बघण्याचा अनुभव जवळपास नाहीच, तरी डोळा तसाच फसतो. म्हणजे काहीतरी घडण घेऊनच आपण येतो. मान्य.

पण घडण आणि ज्ञान एक नव्हे. शेतात पाट काढलेला असणं वेगळं आणि त्यातून पाणी येणं वेगळं.

आणि हो, पाण्यालाही वेळ असते. ह्यूबेल आणि विझेल या शास्त्रज्ञांना १९८१ साली नोबेल मिळालं, त्यांनी मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा लहानपणी काही महिने शिवून ठेवला होता. नंतर उघडला तर डोळा धड, पण मेंदूने त्याच्याकडून येणारं घेणं सोडून दिलेलं. म्हणून तर ठकीचं वाईट वाटतं. तिचा डोळा शेवटपर्यंत थरथरत राहिला, फळ्यावरचं तिला पहिल्या बाकावरून दिसायचं नाही. दीड वर्षाची असताना ऑपरेशन झालं असतं तर कितीतरी जास्त दिसलं असतं. कोणीतरी एक शब्द टाकला, जन्मजात, आणि घरच्यांनी साडेसहा वर्षं तिला अंधारात बसवलं. त्या माणसाला मी कधी बघितलं नाही. आज त्या व्हरांड्यात मला तोच भेटल्यासारखं वाटलं.

त्या ठशांबद्दलही सांगते. बोटांवरच्या रेषा आईच्या पोटात तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून उमटायला लागतात आणि सहाव्या महिन्यापर्यंत पक्क्या होतात. एका बीजाच्या जुळ्यांचेसुद्धा ठसे सारखे नसतात. मग ठशांत जन्मजात बुद्धी असेल तर त्या जुळ्यांत एक गणितज्ञ आणि एक ढ निघायला हवा की! ठशांचं काम एकच, माणूस ओळखणं. १८९७ साली कोलकात्यात त्यासाठी कार्यालय निघालं, गुन्हेगार ओळखायला. सात वर्षांच्या पोरीला काय येणार नाही हे ओळखायला नाही. आपल्या देशातल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने या चाचणीला शास्त्रीय आधार नाही असं जाहीर सांगितलंय. तरी शाळा व्हरांडा देते, टेबल देते. शाळेचं नाव मी लिहीत नाही, विचारू नका.

जावई मला म्हणाले, "आई, तुम्ही मनावर घेऊ नका, नुसतं मार्गदर्शन आहे." जावई भले आहेत, लेकीसाठी दोन पैसे खर्च करायची त्यांची तयारी आहे, हे मला दिसतं. पण पोरीने ऐकलंय. उद्या वर्गात त्रिकोण चुकला की ती खोडरबर हातात घेणार नाही, म्हणेल माझ्यात नाहीच आहे ते.

आपल्याकडे तर याची किती हौस! बाळाचे पाय पाळण्यात दिसतात. खाण तशी माती. रक्तातच असावं लागतं. ही वाक्यं म्हणणारे लोक बहुतेक वेळा पाळण्याच्या चांगल्या बाजूला जन्मलेले असतात. मी नर्सिंगला गेले तेव्हा आमच्या घरात पाटी-पेन्सिल धरलेली मी पहिली. आमच्यातल्याच एका शिक्षित बाईंनी माझ्या आईला तोंडावर सांगितलं होतं, तुमच्याकडे हे उपजत नसतं हो, तिला झेपायचं नाही. आई परत येऊन भाकरी थापायला बसली, काही बोलली नाही. पण फी भरली.

मुक्ता साळवे आठवा. मातंग समाजातली मुलगी, जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेत तीन वर्षं शिकली आणि चौदाव्या वर्षी तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला, १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तोवर हजारो वर्षं हेच सांगत होते ना, की यांच्यात ते नाहीच? तीन वर्षं! एवढाच वेळ लागला. मग त्याआधी जे नव्हतं ते काय होतं, रक्त की शाळा?

कोणीतरी आता ज्ञानोबा माउलींचं उदाहरण देणार, इतक्या कोवळ्या वयात ज्ञानेश्वरी कशी लिहिली म्हणून. माउलींपुढे मी हात जोडते. पण माउली स्वतः निवृत्तिनाथांना गुरू मानतात, पानोपानी त्यांचं ऋण सांगतात. त्यांनी स्वतः म्हटलं नाही की मला आपोआप आलं.

परत ठकीकडे येते, कारण एक राहिलं.

दीड महिन्याने ती दाखवायला आली. तोवर दुसरा डोळाही झाला होता, चष्मा लागला होता. ओपीडीत बायकांची ही रांग, त्यात ऊसतोडीच्या चार-पाच जणी एकाच टोळीतल्या, सारखीच लुगडी, सारखेच पदर. मी मुद्दाम तिच्या आईला सांगितलं, बोलू नकोस, काकणं धरून ठेव. आणि ठकीला दारातून आत सोडलं. ती थांबली. एकेकीकडे बघत गेली, डोकं जरा तिरकं करून, जाड काचेतून. तिसऱ्या बाईपाशी गेली, पुढे गेली, परत मागे आली. मग तिचा हात उचलला गेला, चाचपायला, सवयीने. आणि मध्येच तिने तो खाली घेतला. हात न लावता म्हणाली, "माय."

पहिल्या दिवशी रडले नव्हते, त्या दिवशी ओपीडीच्या मागच्या खोलीत जाऊन रडले.

आईला तर माणूस जन्मजात ओळखतो असं आपण समजतो. आवाजाने, वासाने, स्पर्शाने ती तिला ओळखतच होती, आठ वर्षं. पण आईचा चेहरा तिला शिकावा लागला, आठवीचं भूमितीचं प्रमेय शिकावं तसा. दीड महिना लागला.

ज्यांच्या घरात तान्ही बाळं आहेत त्यांना हात जोडून सांगते. बाळाच्या बुबुळात पांढरं दिसलं, फोटोत एक डोळा पांढरा चमकला, बाळ तीन महिन्यांचं होऊनही नजर धरत नसेल, तर त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. २०१३ पासून सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, त्यात जन्मजात मोतीबिंदू तपासतात, अंगणवाडीत पथक येतं. कोणी जन्मजात आहे म्हणून हात झटकले तर दुसऱ्याकडे जा, तिसऱ्याकडे जा.

संध्याकाळी चिमीला जवळ घेतलं. ती फाइल स्वयंपाकघरात ओट्यावर पडली होती. मी फुलपात्र आणलं, तिचा डोळा मिटवला, हातात दिलं, काठावरून बोट फिरवायला लावलं. मग कागदावर उपडं ठेवून भोवतीने पेन्सिल फिरवायला सांगितली. मग फुलपात्र उचलून बाजूला ठेवलं आणि म्हटलं, आता बघून काढ. पहिला गोल बटाट्यासारखा आला. दुसराही. सहाव्याला तिने माझ्याकडे न बघता स्वतःच खोडरबर मागितलं. आता झोपलीय. कागद माझ्यासमोर आहे, अकरा गोल आहेत.

उद्या सकाळी साडेदहाला मी शाळेत जाणार आहे, मुख्याध्यापिकांना भेटायला. फाइल नेतेय, हा कागदही नेतेय. लेक येतेय सोबत, जावईही येतो म्हणालेत. ज्यांची नातवंडं त्याच शाळेत आहेत आणि ज्यांनी हे पैसे भरलेत त्यांनी फाटकापाशी थांबा, एकत्र आत जाऊ.